असेंबल्ड संगणकाचा व्यापार : माल कोणाकडून घ्यायचा? (१९७८ ते २०२३)



भारतातील संगणकाचा इतिहास म्हटला की आपल्यापुढे सॉफ्टवेअर कंपन्या येतात. बंगळूरू, निर्यात, अमेरिकेतील ग्राहक, एवढ्यात तो आटोपतो. पण १९९० च्या दशकात तुमच्या जिल्ह्याच्या गावातील शाळेत, झेरॉक्सच्या दुकानात किंवा सीएच्या कचेरीत जो संगणक आला, तो बहुतेक वेळा कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा नव्हता. बाजारपेठेतल्या एका लहानशा दुकानात कोणीतरी मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क आणि एसएमपीएस एका कॅबिनेटमध्ये बसवून तो तयार केला होता. कॅबिनेटवर नाव असलेच तर दुकानाचा स्टिकर. यालाच आपण 'असेंबल्ड' म्हणत आलो.

या पाठात आपण त्या दुकानदाराकडे पाहणार आहोत, आणि त्याच्या धंद्यातील एकाच प्रश्नाकडे : तो माल कोणाकडून घेत असे, आणि कोणाकडून घ्यायचा हे कशावरून ठरवत असे? हा प्रश्न तुम्हाला वाणिज्य शाखेच्या पेपरातला वाटेल. पण दर आठ-दहा वर्षांनी याचे उत्तर बदलत गेले आणि बदलामागे कायदा, जकात, कर, तंत्रज्ञान आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला घडलेल्या घटना होत्या. म्हणून तो इतिहासाचा प्रश्न आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो. सर्वांत कमी भाव कोणाचा, हे पाहून पुरवठादार निवडणारे दुकानदार या धंद्यात फार काळ टिकत नसत. नुकसान झाले तर ते कोणी सोसायचे, हे पुरवठादार निवडतानाच ठरत असे. पुढे वाचताना हे विधान पारखून पाहा.

परवान्यांचा काळ

सुरुवात अशा काळापासून करू जेव्हा निवडीला जागाच नव्हती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातील भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायला सांगितले. आयबीएमने ते मानले नाही आणि १९७८ मध्ये ती कंपनी भारतातून बाहेर पडली. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. संगणक बनवण्याचे काम हैदराबादच्या ईसीआयएल या दुसऱ्या सरकारी कंपनीकडे (स्थापना १९६७) होतेच. शिवाय १९७६ मध्ये सुरू झालेल्या एचसीएलसारख्या मोजक्या खासगी कंपन्यांना मिनी आणि मायक्रो संगणक बनवण्याचे परवाने मिळत गेले.

या व्यवस्थेत एखादी चिप परदेशातून आणायची तरी परवाना लागे, आणि आणल्यावर भरमसाट आयात शुल्क भरावे लागे. म्हणजे पुरवठादाराची निवड दिल्लीतल्या फायलीत होत होती. संगणकाचा छोटा दुकानदार असा कोणी अजून अस्तित्वातच नव्हता. पुढे जे लोक या धंद्यात आले, त्यांतले बरेच जण या वेळी रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि टीव्हीचे सुटे भाग विकत होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग) आणि चेन्नईची रिची स्ट्रीट या संगणकाच्या आधीपासून इलेक्ट्रॉनिक भागांच्या पेठा होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. भाग ओळखण्याची नजर, घाऊक आणि किरकोळ भावांतला फरक, उधारीचा हिशेब ही सारी तयारी तिथे आधीच झालेली होती.

स्क्रूड्रायव्हर आणि किट

नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले. पंतप्रधानपद स्वीकारून त्यांना तीन आठवडेही झाले नव्हते. या धोरणाने संगणकाच्या भागांची आणि किटांची आयात सोपी केली, उत्पादनावरील बंधने सैल केली. पण नुसत्या धोरणाने दुकानदार जन्माला आला नसता. त्याला एका तांत्रिक योगायोगाची जोड मिळाली.

१९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तो घाईत आणि बाहेरून विकत घेतलेल्या भागांतून. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टम मायक्रोसॉफ्टची. त्याची रचना इतकी खुली होती की थोड्याच वर्षांत तैवानमधील कंपन्या तशाच घडणीचे मदरबोर्ड आणि कार्डे बनवू लागल्या. खाचा ठरलेल्या, स्क्रूची भोके ठरलेली, वायरींचे पिन ठरलेले. एका कारखान्याचा बोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये बसू लागला. पुरवठादार बदलता येतो तो भाग बदलता येतो म्हणूनच. त्याआधीच्या मिनी संगणकात ज्याचे यंत्र त्याचेच भाग असत आणि ग्राहक आयुष्यभर त्या एका कंपनीशी बांधला जाई.

प्रस्थापित कंपन्या आणि काही अधिकारी या जोडकामाला 'स्क्रूड्रायव्हर टेक्नॉलॉजी' म्हणून हिणवत. त्या टीकेत तथ्य होते, कारण चिप आपल्याकडे बनत नव्हती, बोर्डही फारसा बनत नव्हता. पण टीका करणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. चार स्क्रू पिळणे हे या धंद्यातले सर्वांत सोपे काम होते. कोणता बोर्ड कोणत्या रॅमबरोबर चालतो, कोणाचा एसएमपीएस उन्हाळ्यातल्या कमी-जास्त व्होल्टेजला टिकतो, कोणाचा माल परत घेतला जातो, हे खरे कौशल्य होते. त्याचे शिक्षण कुठल्याही महाविद्यालयात मिळत नव्हते.

१९९१ : खुली आयात, चढे शुल्क

१९९१ च्या आर्थिक संकटात जुलै महिन्यात रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, आणि त्यानंतर बहुतेक औद्योगिक मालावरील आयात परवान्यांची पद्धत मोडीत निघाली. पण शुल्क लगेच खाली आले नाही. १९९१ च्या अर्थसंकल्पानंतरही आयात शुल्काची कमाल पातळी १५० टक्के होती आणि ती पुढे वर्षावर्षाला उतरत गेली.

आता कल्पना करा. प्रोसेसर तळहातावर मावतो. रॅमच्या पट्ट्या शर्टाच्या खिशात मावतात. किंमत हजारो रुपये. अशा वस्तूवर चढे शुल्क असेल तर ती सिंगापूर, हाँगकाँग किंवा दुबईहून येणाऱ्या प्रवाशाच्या बॅगेतून आल्याशिवाय राहील का? याच मालाला 'ग्रे'चा माल म्हणत. तो नकली असेच असे नाही. बहुतेक वेळा अस्सलच असे, फक्त शुल्क चुकवून आलेला, म्हणून स्वस्त आणि बिनबिलाचा. पण बिल नाही म्हणजे कंपनीची वॉरंटीही नाही.

म्हणजे १९९० च्या दशकातील दुकानदारापुढे दोन वाटा होत्या. एक, कंपनीच्या अधिकृत वितरकाची : महाग, बिलासह, वॉरंटीसह. दुसरी, पेठेतल्या व्यापाऱ्याची : स्वस्त, कच्च्या चिठ्ठीवर आणि "काही झाले तर मी बसलोय ना" या शब्दावर. बरेच दुकानदार दोन्हीकडून घेत. हार्ड डिस्क आणि मॉनिटर, म्हणजे जे बिघडण्याची भीती जास्त आणि वजनही जास्त, ते बिलाने. प्रोसेसर आणि रॅम चिठ्ठीवर. हे कायदेशीर नव्हते, हे उघड आहे. पण सरकारी धोरणाने बाजाराला कसे दुभंगवले होते, हे यातून दिसते.

हा दुभंग मिटवला तो छाप्यांनी कमी आणि एका आंतरराष्ट्रीय कराराने जास्त. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरच्या परिषदेत माहिती तंत्रज्ञान करार झाला. १९९७ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि ठरल्याप्रमाणे २००५ पर्यंत संगणक आणि त्याच्या बहुतेक भागांवरील मूळ आयात शुल्क शून्यावर आले. शुल्कच नसेल तर बॅगेतून आणण्यात फायदा तो काय? याच काळात मोठे अधिकृत वितरक वाढले. मुंबईची राशी पेरिफेरल्स १९८९ पासून होती, चेन्नईच्या रेडिंग्टनने १९९३ मध्ये भारतात काम सुरू केले होते, आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या इन्ग्राम मायक्रोने टेक पॅसिफिक ही कंपनी विकत घेऊन भारतातील आपले जाळे विस्तारले. आता साखळी अशी झाली : कंपनीकडून आयात करणारा राष्ट्रीय वितरक, त्याच्याकडून उचलणारा पेठेतला घाऊक व्यापारी, आणि शेवटी गावातला असेंब्लर. दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरूचा एसपी रोड, सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर, कोलकात्याचा चांदनी चौक ही या मधल्या कडीची ठिकाणे.

मागणीही याच सुमारास फुटली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि १९९८ पासून खासगी कंपन्यांनाही ती सेवा देता येऊ लागली. पाठोपाठ गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. महाराष्ट्रात २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाल्यावर एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्याच्या गावापर्यंत गेली, आणि प्रत्येक केंद्राला एकदम दहा-वीस यंत्रे हवी होती. दहा-वीस यंत्रांची ऑर्डर म्हणजे दुकानदाराला आनंद आणि घोर, दोन्ही. का, ते आता पाहू.

पुरवठादार हीच बँक

छोट्या दुकानदाराला बँक कर्ज देताना तारण मागते. त्याच्याकडे तारण काय? कपाटातली रॅम, जिची किंमत सहा महिन्यांत अर्धी होऊ शकते. बँकेला असे तारण नको असते. त्यामुळे या धंद्याचे खेळते भांडवल आले ते पुरवठादाराच्या उधारीतून. आठवड्याची उधारी, पंधरा दिवसांची, फार जुनी ओळख असेल तर महिन्याची. हमी म्हणून पुढच्या तारखेचा चेक. १ एप्रिल १९८९ पासून पराक्रम्य लेख अधिनियमातील कलम १३८ अमलात आले आणि चेक न वटणे हा तुरुंगवासाची शिक्षा असलेला गुन्हा ठरला. त्यानंतर अशा चेकला खरे वजन आले. कायद्याच्या पुस्तकातले एक कलम बाजारातली उधारी कशी वाढवते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता थोडे गणित करा. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण खऱ्या धंद्यासारखे आहे. एक दुकानदार महिन्याला २० संगणक विकतो. प्रत्येकाची खरेदी २५,००० रुपये, नफा १,५०० रुपये. म्हणजे महिन्याची खरेदी ५ लाख आणि नफा ३०,०००. त्याच्यापुढे दोन पुरवठादार आहेत. पहिला पंधरा दिवसांची उधारी देतो. दुसरा प्रत्येक संगणकामागे २०० रुपये स्वस्त देतो, पण रोख मागतो. कोणाकडून घ्यावे?

दुसऱ्याकडून घेतल्यास महिन्याला ४,००० रुपये वाचतात. पण पहिल्याची पंधरा दिवसांची उधारी सोडावी लागते, म्हणजे सरासरी अडीच लाख रुपये स्वतः उभे करावे लागतात. बँकेकडून वर्षाला १५ टक्क्यांनी मिळत असतील तर महिन्याचे व्याज ३,१२५ रुपये. मग रोखीचा पुरवठादार परवडतो. पण बँक दारात उभे करत नसेल आणि पैसा महिना दोन टक्क्यांनी बाहेरून उचलावा लागत असेल, तर व्याज ५,००० रुपये होते, आणि 'स्वस्त' पुरवठादार महाग पडतो. दोन्ही पुरवठादारांचे भाव तेच, माल तोच. फरक आहे तो दुकानदाराला पैसा कोणत्या दराने मिळतो यात. ज्याच्या घरात भांडवल आहे तो स्वस्तात घेतो आणि ज्याच्याकडे नाही तो उधारीवर महाग घेतो. व्यापारी घराण्यातला मुलगा आणि आयटीआय करून पहिल्यांदाच धंद्यात उतरलेला मुलगा, दोघे एकाच पेठेत एकाच वस्तूला वेगळे भाव का देत, याचे उत्तर इथे आहे. नव्या माणसाला पहिले काही व्यवहार रोखीनेच करावे लागत. उधारी ओळखीवर मिळे, आणि ओळख बऱ्याचदा जात, गाव किंवा नातेसंबंधातून येई. बाजार सर्वांना सारखा असतो, असे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात वाचले असेल, तर इथे थोडे थांबा.

आता शाळेची ऑर्डर पाहा. शाळा किंवा सरकारी कार्यालय बिल पास करून पैसे द्यायला महिने लावते. पुरवठादार पंधराव्या दिवशी चेक लावतो. वीस संगणकांची ऑर्डर मिळवून धंदा बुडाला, अशा गोष्टी या पेठांत नवलाच्या नव्हत्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने पैसे चुकते करण्यासाठी जास्तीत जास्त ४५ दिवसांची मर्यादा घातली, पण ते संरक्षण मुख्यतः उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. नुसती खरेदी-विक्री करणारा व्यापारी त्यात बसत नाही. संगणक जोडणारा उत्पादक की व्यापारी? 'स्क्रूड्रायव्हर टेक्नॉलॉजी'चा वाद असा दुसऱ्या दारातून परत येतो.

निइहामातला स्फोट आणि आजचा रेट

४ जुलै १९९३ रोजी जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपच्या वेष्टनासाठी लागणारे एक खास इपॉक्सी रेझिन बनत असे, आणि जगाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक हिस्सा त्या एका कारखान्यातून येई. रॅमचे भाव जगभर एकदम चढले. २१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानमध्ये मोठा भूकंप झाला, चिपचे कारखाने वीज गेल्याने बंद पडले, आणि पुन्हा तेच. उलट १९९६ मध्ये कोरिया, जपान आणि तैवानमध्ये उत्पादन इतके वाढले होते की वर्षभरात रॅमचे भाव पाव हिश्श्यापर्यंत घसरले.

जबलपूर किंवा सांगलीच्या दुकानदाराला निइहामा नकाशावर दाखवता आले नसते. पण त्याचा रोजचा भाव तिथून ठरत होता. म्हणून या धंद्यात एक सवय रुजली : सकाळी फोन करून आजचा रेट विचारायचा, गिऱ्हाईक पक्के झाले की माल मागवायचा, आणि कपाटात शक्यतो काही ठेवायचे नाही. कोटेशनवर 'भाव फक्त आजपुरता' असे छापलेले असे ते यामुळे. शाळेच्या टेंडरला मात्र तीन-तीन महिने टिकणारा भाव द्यावा लागे. त्या काळात रॅम उतरली तर चांदी, चढली तर घरचे दागिने.

भाव कोसळला तर मोठ्या वितरकाला कंपनीकडून काही प्रमाणात भरपाई मिळत असे. याला 'प्राइस प्रोटेक्शन' म्हणतात. ती भरपाई खाली झिरपत गावातल्या दुकानापर्यंत क्वचितच पोचे. त्यामुळे चांगला पुरवठादार ओळखण्याची एक खूण अशी होती : भाव पडणार याची कुणकुण लागल्यावर तो आपला साठा तुमच्या गळ्यात मारतो, की "दोन दिवस थांब, आत्ता उचलू नको" म्हणून सांगतो? जो सांगतो, त्याच्याकडून शंभर रुपये जास्त देऊनही घ्यावे.

टंचाईत याचीच दुसरी बाजू दिसे. २०११ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थायलंडमध्ये महापूर आला. वेस्टर्न डिजिटलचे तिथले कारखाने पाण्याखाली गेले आणि हार्ड डिस्कच्या किमती काही आठवड्यांत जवळपास दुप्पट झाल्या. माल कमी असतो तेव्हा व्यापारी आधी कोणाला देतो? रोजच्या गिऱ्हाइकाला. दर वेळी जिथे पन्नास रुपये स्वस्त तिथून घेणाऱ्याचे नाव कोणाच्याच वहीत नसते.

वॉरंटीचा प्रवास

असेंबल्ड संगणकाला कंपनी नसते, त्यामुळे बिघडला की गिऱ्हाईक दुकानातच येतो. दुकानदाराने तोंडी किंवा बिलावर वर्षाची वॉरंटी दिलेली असते. पण आतल्या प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, देणारा वेगळा, पत्ता वेगळा. प्रोसेसरचेच पाहा. इंटेलचा 'बॉक्स' प्रोसेसर घेतला तर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी. तोच प्रोसेसर 'ट्रे'मधला घेतला, म्हणजे मोठ्या उत्पादकांसाठी सुट्या ट्रेमधून येणारा, तर वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर. शिवाय १९९० च्या दशकात मूळ आकडा घासून जास्त वेगाचा आकडा छापलेले प्रोसेसरही बाजारात फिरत. ते चालत, पण तापत आणि कधीतरी अडकत. दुकानदाराला ते ओळखता येत नसे. त्याचा एकच बचाव होता, परत घेणारा पुरवठादार.

२००० च्या दशकाच्या सुरुवातीला याची मोठी परीक्षा झाली. तैवानमध्ये बनलेले अनेक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सदोष निघाले. मदरबोर्डवरचे ते छोटे नळकांडे वर्ष-दोन वर्षांत वरून फुगे, फुटे, आणि यंत्र बंद पडे. जगातल्या नामांकित ब्रँडेड संगणकांतही हा दोष निघाला. त्यांच्याकडे भरपाईसाठी राखीव पैसा होता. गावातल्या असेंब्लरकडे नव्हता. एकाच खेपेतले दहा बोर्ड सायबर कॅफेला विकले असतील तर दहाही परत येणार. अनेकांनी पंचवीस वॅटची सोल्डरिंग गन घेऊन कपॅसिटर स्वतः बदलले. दुरुस्तीच्या कौशल्याची एक आख्खी पिढी या दोषाने तयार केली, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

बोर्ड परत पाठवण्याला 'आरएमए'ला टाकणे म्हणतात. लातूरहून बोर्ड मुंबईला जाणार, तिथून सर्व्हिस सेंटरला, बदली तुकडा यायला पंधरवडा ते महिना. तोवर गिऱ्हाइकाला काय सांगायचे? म्हणून शहाणा दुकानदार एखादे 'स्टँडबाय' यंत्र ठेवी, आणि त्याहून शहाणा असा पुरवठादार धरी जो जुना बोर्ड हातात पडताच आपल्या साठ्यातून दुसरा देई आणि कंपनीशी मागाहून भांडत बसे. असा पुरवठादार भावात कधीच सर्वांत स्वस्त नसतो.

कंपन्यांची धोरणेही बदलत राहिली. सीगेटने २००४ मध्ये आपल्या हार्ड डिस्कची वॉरंटी पाच वर्षांवर नेली, आणि थायलंडच्या पुरानंतर, २०११ च्या अखेरीस, तिने आणि वेस्टर्न डिजिटलने बऱ्याच डिस्कच्या वॉरंटी आखूड केल्या. दुकानदाराने गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मात्र त्याला मागे घेता येत नव्हता.

बिल वाचायला शिका

या व्यापाराची दप्तरे अभिलेखागारात नाहीत. रेट लिस्टा रद्दीत गेल्या. उरली आहेत ती बिले. तुमच्या ओळखीत जुने संगणक दुकान असेल तर १९९८, २००६ आणि २०१८ अशा तीन वर्षांचे एकेक खरेदी बिल मागून पाहा. तळाशी बारीक अक्षरांत काय छापले आहे? 'जळालेल्या व तुटलेल्या मालास वॉरंटी नाही', 'वॉरंटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमार्फत', 'वाद मुंबई न्यायालयाच्या कक्षेत'. नुकसान कोणाच्या वाट्याला ढकलले गेले, ते या ओळी सांगतात. बिलावरचा कर पाहा, म्हणजे माल कुठून आला आणि तिथूनच का आला, हेही कळेल.

कोल्हापूरचे उदाहरण घ्या. बेळगाव तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आत, मुंबई तिप्पट दूर. तरी कोल्हापूरचा दुकानदार माल मुंबई-पुण्याहून आणी. कारण मध्ये राज्याची सीमा. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रासह बऱ्याच राज्यांत व्हॅट आला. राज्यात भरलेल्या व्हॅटची वजावट मिळे, पण दुसऱ्या राज्यातून आणताना द्यावा लागणारा केंद्रीय विक्रीकर (सी फॉर्मवर सुरुवातीला ४ टक्के, २००८ पर्यंत २ टक्क्यांवर आला) बुडीतच जाई. ज्या धंद्यात पाच-सहा टक्के नफा, तिथे दोन टक्के म्हणजे पाऊण अंगाची ताकद नव्हे, तरी तिसरा हिस्सा. म्हणून मोठ्या वितरकांना राज्याराज्यांत गोदामे उघडावी लागली. महाराष्ट्रात शहरोशहरी जकातही होती.

व्हॅटने आणखी एक धोका आणला. पुरवठादाराने तुमच्याकडून कर घेतला पण सरकारात भरला नाही, तर? महाराष्ट्राच्या कायद्याने वजावट तेवढ्यापुरती नाकारली, आणि २०१२ मध्ये महालक्ष्मी कॉटन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. म्हणजे पुरवठादाराच्या अप्रामाणिकपणाचे नुकसान प्रामाणिक खरेदीदाराच्या गळ्यात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्याच्या सीमा पुसल्या गेल्या, बेळगावहून माल आणणे कराच्या दृष्टीने मुंबईइतकेच सोपे झाले. पण दुसरा धोका कायम राहिला. १ जानेवारी २०२२ पासून तर पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात बिल दाखवले नसेल तर वजावटच मिळत नाही. २५,००० च्या मालावर १८ टक्के म्हणजे ४,५०० रुपये. एका संगणकावरच्या नफ्याच्या तिप्पट. आज दुकानदार नवा पुरवठादार निवडताना भाव विचारण्याआधी त्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून विवरणपत्रे वेळेवर भरली आहेत का ते पाहतो.

लॅपटॉप, ऑनलाइन आणि २०२३

यानंतरचा भाग थोडक्यात. लॅपटॉप जोडता येत नाही, तो तयारच येतो, त्यामुळे दुकानदार असेंब्लरचा नुसता विक्रेता झाला. २००७ मध्ये फ्लिपकार्ट सुरू झाले, आणि पुढच्या काही वर्षांत गिऱ्हाईक दुकानात उभे राहून मोबाइलवर भाव दाखवू लागले. कधी तो भाव दुकानदाराच्या खरेदीपेक्षा कमी असे. अनेकांनी सीसीटीव्ही, नेटवर्किंग आणि दुरुस्ती धरली. जोडलेला संगणक उरला तो गेमिंग, व्हिडिओ संपादन आणि कार्यालयांपुरता.

३ ऑगस्ट २०२३ रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन आणि सर्व्हर यांची आयात परवान्याखाली आणली. गदारोळ झाल्यावर अंमलबजावणी लांबवण्यात आली आणि १ नोव्हेंबरपासून ऑनलाइन अर्जावर मंजुरी देणारी आयात व्यवस्थापन प्रणाली सुरू झाली. १९८४ पूर्वीचा परवाना परत आला का, यावर वर्गात चर्चा करा. चर्चेआधी यादी नीट वाचा. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क असे सुटे भाग त्यात नव्हते. मंजुरी लागली ती तयार यंत्र आणणाऱ्या वितरकाला. एसपी रोडवरून भाग उचलून कॅबिनेटमध्ये बसवणाऱ्याला त्या दिवशीही फक्त आजचा रेट विचारायचा होता.